खाड्याची पोच द्या : औद्योगिक वसाहतींतील मनुष्यबळ अधिकाऱ्यांना आणि कामगार कंत्राटदारांना खुले पत्र

प्रति,
पुणे जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांचे मनुष्यबळ अधिकारी, कामगार कंत्राटदार आणि त्यांचे सुपरवायझर यांस,

स. न. वि. वि.

मी एकतीस वर्षे टाइम ऑफिसात नोकरी केली. सुरुवातीची वर्षे मस्टरवर निळ्या शाईने हजेरी आणि लाल शाईने खाडे मांडण्यात गेली, मग पंचिंगची कार्डे आली, आणि शेवटी बोटाचा ठसा घेणारी यंत्रे गेटवर बसली. साधने बदलत गेली तरी काम तेच राहिले : कोण आला आणि कोण आला नाही याची नोंद ठेवणे, कारण त्या नोंदीवर पुढे माणसाचा पगार, त्याची रजा, त्याचा बोनस आणि पुष्कळदा त्याची नोकरीही अवलंबून असते. निवृत्त होऊन मला आता दहा वर्षे झाली. तरीही आमच्या भागात खोली करून राहणारी तरुण मुले-मुली पगाराची पावती, डॉक्टरांचा कागद किंवा मोबाइलवरचा एखादा संदेश घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या तक्रारीचे शब्द इतके ठरलेले असतात की ते उंबऱ्यात असतानाच मला कळून चुकतात : "काका, आजारी आहे म्हणून कळवलं होतं, तरी खाडा मांडला."

हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे. आजारपणात काही रक्कम मिळण्याचा हक्क आपल्या देशातील कारखान्यांतील कामगाराला कागदावर बऱ्यापैकी मिळालेला आहे. तो अपुरा आहे, त्यात त्रुटी आहेत, आणि त्यांच्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु जेवढा आहे तेवढासुद्धा कामगाराच्या हाती पडत नाही, आणि माझ्या अनुभवात त्याचे कारण बहुतेक वेळा विमा कार्यालयात किंवा दवाखान्यात सापडत नाही. ते सापडते कारखान्याच्या गेटवर, सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये आणि टाइम ऑफिसच्या खिडकीशी, जेथे "मी आजारी आहे" हे शब्द पोहोचतात पण कोठेही लिहिले जात नाहीत. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, गैरहजेरी कळवणाऱ्या प्रत्येक कामगाराला आपण ती कळवल्याची पोच द्यावी.

राज्य कामगार विमा योजना, जिला सगळे 'ईएसआय' म्हणून ओळखतात, ती काय देते हे आपणांस पाठ असेल. ज्यांच्या पगारातून आपण दरमहा वर्गणी कापता त्यांना मात्र ते ठाऊक नसते, म्हणून त्यांच्यासाठी ते येथे लिहितो. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. त्याआधी हे दर अनुक्रमे ४.७५ आणि १.७५ टक्के होते. म्हणजे महिना १५,६०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या पगारातून ११७ रुपये कापले जातात आणि मालक ५०७ रुपये घालतो. या वर्गणीच्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात, आणि आजारपणामुळे तो कामावर येऊ शकला नाही तर सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. अट अशी की एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. पहिल्या सहामाहीच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि दुसरीच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतो. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांमध्ये, सेवेची वेगळी अट पुरी होत असेल तर, हा लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो. ही कोणाची मेहेरबानी नाही. १९४४ साली प्राध्यापक आडारकरांनी जी योजना सरकारपुढे ठेवली, जिच्यातून १९४८ चा कायदा झाला, आणि जी २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू होऊन १९५४ मध्ये नागपूरमार्गे आपल्याकडे आली, तिच्या मुळाशी विचार असा होता की आजारी माणसाला मालकाच्या मर्जीवर सोडू नये, त्याची सोय आधीच साठवलेल्या पैशांतून व्हावी.

आता त्रुटी. आजाराचे पहिले दोन दिवस विम्याच्या हिशेबात धरले जात नाहीत, आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस व्हायच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला असेल तरच ते सुटतात. शिवाय ज्या कारखाने अधिनियमाखाली मी आयुष्यभर काम केले त्यात भरपगारी वार्षिक रजा होती, किरकोळ रजा मात्र नव्हती. ती जेथे मिळाली तेथे करारातून किंवा कारखान्याच्या रिवाजातून मिळाली. दुकाने आणि आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, परंतु मशीनवर उभ्या असलेल्या कंत्राटी पोराला त्याचा उपयोग नाही. याचा परिणाम पैशांत काय होतो ते वरच्याच कामगाराच्या उदाहरणावरून पाहावे. त्याचा रोज ६०० रुपये धरला, आणि एकही खाडा न झाल्यास महिन्याला १,००० रुपये हजेरी भत्ता आहे असे मानले, तर दोन दिवसांच्या तापात तो १,२०० रुपये रोजाचे आणि १,००० रुपये भत्त्याचे असे २,२०० रुपये गमावतो. तोच ताप पाच दिवस चालला आणि त्याने ईएसआयचा दाखला घेतला, तर त्याचा ३,००० रुपयांचा रोज बुडतो, शेवटच्या तीन दिवसांचे ४२० रुपयांप्रमाणे १,२६० रुपये विम्यातून परत मिळतात, आणि भत्ता धरून एकूण तोटा २,७४० रुपये होतो. तीन दिवस अधिक झोपून राहण्याची किंमत फक्त ५४० रुपये. अशा हिशेबात शहाणा माणूस एकतर ताप अंगावर काढून कामावर येतो, नाहीतर आलाच आहे ताप तर आठवडा पुरा करतो. मग आपण बैठकांमध्ये तक्रार करता की कामगार दोन दिवसांच्या आजाराला आठ दिवस घेतात. हा हिशेब त्यांनी मांडलेला नाही.

ताप अंगावर काढून आलेल्या माणसाला पॉवर प्रेससमोर उभे करण्यात काय धोका आहे हे मी आपणांस सांगायला नको. हजेरी भत्त्याची कल्पना मुळात नियमितपणाला उत्तेजन देण्याची होती, आणि उनाडपणे खाडे करणाऱ्याचा भत्ता कापला तर माझी हरकत नाही. पण डॉक्टरांच्या दाखल्याने सिद्ध झालेल्या आजाराच्या दिवसांसाठी भत्ता कापणे म्हणजे आजारी पडल्याबद्दल दंड घेणे होय. आपल्यापैकी काही कारखान्यांनी दाखल्याचे दिवस भत्त्याच्या हिशेबातून वगळले आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे खाडे वाढले असे मी तरी ऐकलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ईएसआयचा दाखला घेतला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. विम्याच्या शाखा कार्यालयाला खात्री करून घ्यावी लागते की दाखल्यातील दिवशी हा माणूस खरोखर कामावर नव्हता आणि त्या दिवसांचा पगार त्याला मिळालेला नाही, कारण पगार आणि लाभ दोन्ही एकाच दिवसासाठी घेता येत नाहीत. ही पडताळणी मालकाकडूनच होते. आमच्याकडे त्यासाठी फॉर्म १० येत असे आणि मस्टर उघडून तो मीच भरत असे. त्यामुळे मला पक्के ठाऊक आहे की कामगाराचे ७० टक्के हे टाइम ऑफिसातील एका खुणेवर लटकलेले असतात. सुपरवायझरने आपला आकडा चांगला दिसावा म्हणून एखाद्या आजारी दिवसाची साप्ताहिक सुटीशी अदलाबदल केली, किंवा कंत्राटदाराने आजारी माणसाच्या नावावर दुसऱ्याच माणसाची हजेरी चढवली, तर दाखला खरा, आजार खरा, आणि तरीही दावा अडकतो. फॉर्म टेबलावर महिनाभर पडून राहिला तर पैसेही महिनाभर पडून राहतात, आणि घरभाडे व किराणा यांना महिनाभर थांबायची सवय नसते.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. ज्यांनी ती पाहिली त्यांना आठवत असेल की ताप चार-पाच दिवसांत उतरे, पण सांधे असे धरले जात की माणसाला स्वतःचा डबासुद्धा उघडता येत नसे. आमच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे काम करणारा मराठवाड्यातील एक मुलगा आजारी पडला. त्याने खोलीवरच्या जोडीदाराकरवी सुपरवायझरला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून त्याला फोनही केला. सुपरवायझर "बरं" म्हणाला. त्या "बरं" शब्दाची कोठेही नोंद झाली नाही, कारण ती करण्याची पद्धतच नव्हती. माझ्याकडे आलेल्या यादीत त्या मुलाच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण होती, कारणाचा रकाना कोरा होता, आणि मी ती यादी जशीच्या तशी मस्टरवर उतरवली. अकराव्या दिवशी तो काठीच्या आधाराने गेटवर आला तेव्हा त्याची जागा भरलेली होती. खिशात ईएसआयच्या डॉक्टरांचे दोन दाखले होते, घडी घालून घालून घडीवर फाटलेले. त्याने ते माझ्या खिडकीतून पुढे केले. मी ते वाचले, तारखा जुळतात हे पाहिले, आणि कंत्राटदाराची माणसे आमच्या अखत्यारीत येत नाहीत असे सांगून परत केले. नियमाने माझे बरोबर होते. परंतु त्या कागदांवर 'मिळाले', तारीख आणि सही एवढे तीन शब्दांचे काम मी केले असते, तर त्या मुलाच्या हाती वाद घालायला काहीतरी राहिले असते.

आठ-दहा दिवस न कळवता गैरहजर राहिला म्हणून नोकरी गेली, असे आपण सहज म्हणतो. हा आठ दिवसांचा आकडा आदर्श स्थायी आदेशांतून, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यातून, आलेला आहे, पण त्यांतील पुढचे वाक्य आपल्याकडे क्वचितच वाचले जाते. मूळ तरतूद अशी की मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन न येण्याचे समाधानकारक कारण जो देणार नाही त्याचा जागेवरचा हक्क जाईल, आणि तसे झाले तरी त्याचे नाव बदली यादीत, म्हणजे गैरहजरांच्या जागी बोलावायच्या कामगारांच्या यादीत, ठेवावे लागेल. शिवाय रजा वाढवून मागणाऱ्याला व्यवस्थापनाने लेखी उत्तर द्यावयाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट सांगितले की आठ दिवसांच्या गैरहजेरीवरून नोकरी आपोआप संपली असे मानता येणार नाही, कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागेल, कारण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या प्रकरणातील कामगाराचे म्हणणे आपल्याला गेटवरच अडवले गेले असे होते. त्याला अर्ध्या मागील वेतनासह पुन्हा कामावर घ्यावे लागले. पुढे २०१२ साली कृष्णकांत परमार यांच्या, सरकारी सेवेशी संबंधित, प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला कर्तव्यातील कसूर म्हणता येत नाही. आणि १९४८ च्या विमा कायद्याचे कलम ७३ तर सांगत होते की, नियमांत दिलेले अपवाद वगळता, आजारपणाचा लाभ घेत असलेल्या किंवा दाखल्यानुसार आजारी असलेल्या कामगाराला त्या काळात बडतर्फ करू नये, कमी करू नये, शिक्षाही करू नये, आणि त्या काळात दिलेली काढून टाकण्याची नोटीस मुळातच गैरलागू ठरते. हे सारे संरक्षण एका गृहीतावर उभे आहे : आजार कळला होता. कळवल्याचा पुरावा कामगाराकडे नसेल, तर वकील लावल्याशिवाय यातील एक अक्षरही त्याच्या कामी येत नाही, आणि वकिलाची फी बहुधा बुडालेल्या रोजाहून मोठी असते.

मध्यंतरी मला वाटले होते की मोबाइल आल्यावर हा प्रश्न मिटेल. तो मिटला नाही, त्याने रूप बदलले. आता प्रत्येक पाळीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप असतो. रविवारी ओव्हरटाइमला यायचे आहे हे रात्री दहा वाजता त्या ग्रुपवर टाकले जाते, आणि जो आला नाही त्याला सोमवारी विचारले जाते की संदेश वाचला नव्हता काय. त्याच ग्रुपवर एखादी मुलगी पहाटे पाच वाजता लिहिते की तिला उलट्या होत आहेत आणि ती पहिल्या पाळीला येऊ शकत नाही. त्यावर तिला उत्तर मिळते की ग्रुपवर सुटी मिळत नसते, ऑफिसला येऊन अर्ज द्या. ज्या ग्रुपवरची आज्ञा बजावली गेली असे आपण धरता, त्याच ग्रुपवरची सूचना पोहोचली नाही असे आपणांस धरता येणार नाही. आधी अर्ज का दिला नाही, हा प्रश्नही मी माझ्या टेबलावर शेकडो वेळा ऐकला आहे, आणि कबूल करतो की काही वेळा स्वतः विचारलाही आहे. कारखाने अधिनियमात वार्षिक रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज देण्याची अट होती, पण आजारपणासाठी ती रजा हवी असेल तर अर्ज मुदतीत नसला तरी रजा द्यावी असे कलम ७९ मध्ये लिहिलेले होते. ज्याने तो कायदा लिहिला त्याला निदान एवढे ठाऊक होते की ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही.

कंत्राटदारांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. "येत नसशील तर बदली माणूस दे" हे वाक्य आपण बंद करावे. माणसे पुरवण्याचे पैसे आपण घेता. तापाने फणफणलेल्या माणसाने खोलीवर पडून आपल्यासाठी माणूस शोधायचा, आणि तो मिळाला नाही तर खाड्याबरोबर शिव्याही खायच्या, ही रीत कोणत्याही करारात लिहिलेली मी पाहिलेली नाही. दुसरी गोष्ट विमा क्रमांकाची. कामगाराला ब्रेक देऊन दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर चढवताना पुष्कळदा त्याचा जुना विमा क्रमांक विचारण्याऐवजी नवा काढला जातो. क्रमांक एकच राहिला तर दोन मालकांकडची वर्गणी एकत्र मोजली जाते. दोन क्रमांकांत विभागली गेली तर एका सहामाहीचे ७८ दिवस दोन्हीकडे भरत नाहीत. शिवाय योजनेत नव्याने येणाऱ्याला औषधोपचार लगेच मिळतात, पण आजारपणाच्या रोख लाभासाठी त्याला सुरुवातीचे नऊ महिने थांबावे लागते, आणि नवा क्रमांक म्हणजे कागदोपत्री नवा माणूस. सहा-सात वर्षे घाम गाळलेल्या कामगाराला आपण एका टिचकीने नवशिका करून ठेवतो. बहुतेकांच्या हातून हे मुद्दाम होत नसेल, घाईत होत असेल. परिणाम मात्र तोच.

आपला आक्षेप मला ऐकू येतो आहे : खोटे आजार वाढतील. खोटे आजार मीही पाहिले आहेत. मृगाचा पाऊस पडला की अमुक चौघांना, आणि होळी-गणपतीला अमुक आठ जणांना कंबरदुखी होणार, हे मी मस्टर पाहून आधी सांगू शकत असे. आणि खरे सांगायचे तर पेरणीला भरपगारी रजा मागितली असती तर त्यांना ती मिळाली नसती, म्हणूनच ते कंबर पुढे करत. परंतु खोट्याला पकडण्याची सोय योजनेतच आहे. संशय आला तर प्रकरण विम्याच्या वैद्यकीय रेफरीकडे पाठवून कामगाराची फेरतपासणी करवता येते, आणि लाभासाठी खोटे निवेदन करणाऱ्याला १९४८ च्या कायद्याच्या कलम ८४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे. सुपरवायझरने फोनवर आवाज ऐकून निदान करण्याची गरज कोठेच नाही. पोच दिल्याने खोटेपणा वाढत नाही, उलट त्याला तारीख आणि वेळ चिकटते. ज्याने मंगळवारी पोटदुखी कळवली आणि गुरुवारी गावच्या जत्रेतील फोटो टाकला, त्याच्याविरुद्ध आपल्याकडे लेखी पुरावा राहतो.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. कळवणे म्हणजे आजाराचे वर्णन करणे नव्हे. आजारी आहे, आज येऊ शकत नाही, अंदाजे इतके दिवस लागतील, एवढे सुपरवायझरला पुरते; कोणता आजार, हे दाखल्यावर डॉक्टर लिहितील आणि तो दाखला मनुष्यबळ विभागाच्या फाइलीत राहील. मासिक पाळीचा त्रास सगळ्या ग्रुपसमोर लिहावा लागतो म्हणून कामावर येऊन चक्कर येऊन पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि क्षयाचे नाव फुटल्यावर ज्याच्या शेजारी डबा खायला कोणी बसेना असा एक फिटरही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केलेली आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि मी ज्या कायद्यांची कलमे वर दिली ते बहुतेक त्यांत सामावले गेले. त्यातील एक बदल कामगाराच्या सोयीचा आहे : वार्षिक भरपगारी रजेसाठी पूर्वी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे, आता १८० पुरतील. दुसरा बदल माझ्या विषयाच्या दृष्टीने काळजीचा आहे. स्थायी आदेश आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच बंधनकारक आहेत. महाराष्ट्रात ही मर्यादा पूर्वी ५० होती. म्हणजे रजा कशी मागायची, कोणाला कळवायचे, न कळवल्यास काय होईल, हे लिहून ठेवण्याचे बंधन वसाहतीतील असंख्य लहान-मध्यम कारखान्यांवर उरलेले नाही. लेखी नियम नसेल तेथे सुपरवायझरचा मूड हाच नियम होतो. म्हणूनच ही वेळ साधून मी लिहितो आहे : बंधन नाही म्हणून सोडून देण्याऐवजी आपण होऊन तो नियम लिहावा, आणि मराठीत व हिंदीत गेटवर लावावा.

त्यासाठी फार करावे लागणार नाही. प्रत्येक कारखान्याने, आणि कंत्राटी कामगारांसाठीही मूळ कारखान्यानेच, गैरहजेरी कळवण्याचा एक क्रमांक ठरवावा, जो सुपरवायझरच्या खिशात नसून टाइम ऑफिसात असेल आणि पहिल्या पाळीच्या आधीपासून चालू असेल. त्यावर आलेल्या फोनची किंवा संदेशाची नोंद एका वहीत व्हावी, आणि तिचा अनुक्रमांक कामगाराला लगेच संदेशाने परत जावा. जोडीदाराने किंवा घरच्यांनी कळवले तरी ते कामगाराने कळवले असे धरावे. गेटवर आणलेल्या प्रत्येक दाखल्याची प्रत शिक्का मारून परत द्यावी, दाखला खाजगी डॉक्टरांचा असला तरीही. तो ग्राह्य धरायचा की नाही हे पुढे विमा कार्यालय पाहून घेईल, कारण इतर पुरावा मान्य करण्याचा अधिकार त्यांना आहे. फॉर्म १० किंवा आता त्याच्या जागी जी पडताळणी असेल ती आठवड्याच्या आत परत जावी. ज्या दोन दिवसांचे विम्यातून काही मिळत नाही ते वर्षातून निदान दोन-तीन वेळा कारखान्याने सोसावेत. वर दिलेल्या उदाहरणात ती रक्कम एका आजारामागे १,२०० रुपये होते, आणि एका अपघाताच्या पंचनाम्यात जाणारा एक दिवस त्याहून महाग पडतो हे आपल्या लेखा विभागाला विचारून पाहावे.

मी अर्ध्या पानाचा एक नमुना तयार केला आहे. त्यात नाव, विमा क्रमांक, कोणी कळवले, कोणत्या वेळी कळवले, किती दिवस अपेक्षित, आणि घेणाऱ्याची सही, एवढेच रकाने आहेत. खाली एक भाग फाडून देण्यासाठी ठेवला आहे, त्यावर 'मिळाले' असे आधीच छापलेले आहे. ज्या कारखान्याला तो हवा असेल त्यांच्या टाइम ऑफिसात येऊन पहिले आठ दिवस ती वही मी स्वतः विनामोबदला लिहीन. हात अजून थरथरत नाही.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
पुणे